मॉरिसचा अर्थ

"बाबा, आपली गाडी मुकी आहे का हो?"

प्रश्न वैजयंतीचा स्वतःचा नव्हता. तो मीना आणि स्मिता या तिच्या दोन मैत्रिणींनी शाळेच्या मधल्या सुट्टीत आवळे खात खात तयार केला होता. "रविवारी बाबांना विचारून दाखव," स्मिता म्हणाली होती, "नाहीतर पंधरा ऑगस्टला झालं ते नुसतं नशीब होतं असं आम्ही समजू."

पंधरा ऑगस्टला झालं होतं ते असं. मुख्याध्यापकांचं भाषण ऐन रंगात आलेलं असताना लाउडस्पीकर बंद पडला. शिक्षक एकमेकांकडे बघत राहिले. तेवढ्यात दहावी 'ब'मधली वैजयंती टिपणीस उठली, मंचामागे गेली, तिने एक प्लग काढून परत घट्ट बसवला, आणि भाषण पुढे अर्धा तास चाललं. वर्गातल्या काही मुलांनी तिला त्याबद्दल अजून माफ केलेलं नव्हतं. वैजूची मात्र त्या दिवसापासून खात्रीच पटली होती, की जगात जे जे बंद पडलेलं आहे ते केवळ प्लग नीट बसलेला नसल्यामुळे.

दिनानाथ टिपणीस इमारतीखाली उभे राहून आपल्या जुन्या बनियनने मॉरिस मायनरचा डावा दिवा पुसत होते. प्रश्न ऐकत त्यांनी डावा दिवा पुरा केला. मग त्यांनी उजवा दिवा पुसून पूर्ण केला आणि उत्तर दिलं.

"गाडी मुकी नाही. तुम्ही बहिऱ्या आहात."

"पण आता सगळ्यांच्या गाड्यांत टेप असतो, बाबा. म्हणजे ज्यांच्याकडे गाड्या आहेत त्यांच्या."

"एकोणीसशे बावन्नची गाडी आहे ही. हिच्यात टेप बसवला नाही तो इंग्रज काय वेडा होता?"

"बावन्न साली कॅसेटच नव्हती."

"तेच म्हणतोय मी," बाबा म्हणाले आणि नंबरप्लेटकडे वळले.

वाशीच्या त्या सेक्टरमध्ये चार इमारती मिळून गाड्या तीन, आणि त्यांत देखणी एकच. टिपणीसांनी ती कंपनीतल्या निवृत्त होणाऱ्या एका साहेबाकडून घेतली होती आणि अकरा वर्षांत तिचा एक स्क्रूसुद्धा बदलला नव्हता. 'मूळ' हा त्यांचा सगळ्यात आवडता शब्द. कामावर ते कंपनीच्या बसने जात. गाडी निघायची फक्त रविवारी, खाडीपुलाच्या टोकापर्यंत जाऊन परत यायची, आणि तीही दिवसाउजेडी. दिवे लावून गाडी चालवणं म्हणजे म्हाताऱ्या माणसाला जागरण करायला लावणं, असं त्यांचं मत होतं. फेरीत कुणी बोलायचं नाही, हाही नियम होता. बाबा इंजिन ऐकत आणि बाकीच्यांनी बाबांना ऐकू द्यायचं.

आई, म्हणजे नंदिनीबाई, मागच्या सीटवर. तिची उंची बेताची, पाय खाली टेकत नसत, म्हणून बाबांनीच खोक्याच्या फळ्या जोडून तिला एक पायपाट करून दिला होता. वीतभर उंच, चारी बाजूंनी बंद, आतून पोकळ. त्यावर पाय ठेवून आई अकरा वर्षं रविवारमागून रविवार गप्प बसली होती. बोलायला बंदी, म्हणून ती भाजी निवडायची. टिपणीसांकडे रविवारची भाजी नेहमीच अतिशय स्वच्छ निवडलेली असे.

आता एवढ्यावर प्रकरण थांबलं असतं. पण त्याच आठवड्यात शाळेने दहावीच्या मुलांना एक छापील कागद दिला. 'दहावीनंतर काय?' त्यावर विषय लिहायचा, पालकांची सही घ्यायची आणि पुढच्या सोमवारी वर्गशिक्षिकांकडे द्यायचा. बाबांनी कागद घेतला, चष्मा लावला आणि आपल्या मोत्यासारख्या अक्षरात लिहून टाकलं : वाणिज्य.

"मला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करायचाय," वैजू म्हणाली.

"एक प्लग बसवला म्हणून कुणी इंजिनियर होत नाही. तो प्लग शिपायानेही बसवला असता."

"मग बसवला का नाही?"

"कारण तो झोपला होता. सोमवारी सकाळी सही करतो. तोवर तू विचार कर, मग माझं आपोआप तुला पटेल."

 वैजूने विचार केला. सबंध रात्र करणार होती, पण पाच मिनिटांत झाला. ती स्वयंपाकघरात गेली.

"आई, मी बाबांच्या गाडीत स्टिरिओ बसवणार. एक भोक पाडणार नाही, एक स्क्रू हलवणार नाही, आणि बाबांना तो दिसणारसुद्धा नाही. मग बघू कोण वाणिज्यला जातं ते."

आईने पोळी उलटली. मागे वळूनही पाहिलं नाही.

"अकरा वर्षं मी त्या गाडीत इंजिनातल्या टॅपेटची टकटक ऐकतेय," ती म्हणाली. "काय लागेल ते सांग."

स्टिरिओ मीनाने आणला. तिच्या मामाने दुबईहून गाडीत लावायचा कॅसेट प्लेअर आणला होता, सोबत दोन छोटे स्पीकर. मामाकडे गाडी नव्हती, घ्यायचा विचारही नव्हता. पण दुबईहून येऊन हात हलवत घरात कसं शिरायचं, म्हणून आणला होता. दोन वर्षं तो कपाटावर खोक्यात होता.

बुधवारी दुपारी शाळा सुटल्यावर तिघी गाडीत शिरल्या. पहाऱ्याला आई गॅलरीत. वैजूने आधी गाडीच्या कप्प्यातली बाबांची वही काढली, कारण कुठल्याही कामाआधी माहिती गोळा करावी असं विज्ञानाच्या बाई सांगत. पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं :

'या गाडीचा अर्थ पॉझिटिव्ह आहे. हे जो विसरेल त्याचे नुकसान होईल.'

"वा!" मीना म्हणाली. "काय विचार आहे!"

"बाबा लिहितात असं," वैजू म्हणाली. सोसायटीच्या फळ्यावर रोजचा सुविचार दिनानाथ टिपणीसच लिहीत. कालचाच होता, 'संयम हे जीवनाचे वंगण आहे.' त्यामुळे गाडीचा अर्थ पॉझिटिव्ह असण्यात तिला काहीच वावगं वाटलं नाही. तिने पान उलटलं आणि कामाचं काही सापडतं का ते पाहिलं. कामाचं सापडलं ते असं : मागच्या लाल दिव्याची वायर मागच्या सीटखालून जात होती, आणि तिथे वायरी एकमेकींना जोडणाऱ्या नळीत एक भोक मूळचंच रिकामं होतं. इंग्रजाने जणू वैजूसाठीच ठेवलेलं.

योजना तर झकास होती. एक वायर त्या रिकाम्या भोकात, दुसरी सीटखालच्या स्क्रूला चिमट्याने. दिव्याचं बटण ओढलं की गाणं सुरू. बाबा दिवे लावतच नाहीत, म्हणजे त्यांना कळायचा प्रश्नच नाही. लाल वायर म्हणजे पॉझिटिव्ह, ती दिव्याला. काळी ती गाडीच्या पत्र्याला. स्मिताने आपल्या ताईची कॅसेट घातली आणि वैजूने बटण ओढलं.

प्लेअर हंबरला. गाभण गाय उठताना हंबरते तसा. मग त्यातून एक बाई उलटं गायला लागल्या.

"हे कुठल्या भाषेतलं गं?" मीनाने विचारलं.

"बंद कर! बंद कर!" स्मिता ओरडली, कारण ताईच्या कॅसेटची फीत तपकिरी शेवयांसारखी भराभर बाहेर येत होती. वैजूने बटण ढकललं, पण तोवर प्लेअरमधून धुराची एक बारीक, सभ्य रेघ वर निघाली होती.

गॅलरीतून आईचा आवाज आला, "वैजू, काही करपलं का गं?"

"नाही आई! थोडंसंच!"

स्मिता फितीचा गुंता मांडीवर घेऊन बसली. "ताई मला मारणार. मारणारच. आणि तू जा आता वाणिज्यला."

वैजूला क्षणभर ते वाणिज्य दिसलंसुद्धा. लांबच लांब, निळ्या-लाल रेघांचं. तिने प्लेअर पिशवीत घातला आणि चपला चढवल्या. "चला. जुहू गावात."

सेक्टर संपला की मोकळं मैदान, मैदान संपलं की जुहू गाव, मुंबईचं नव्हे, वाशीचं. गावात पोपटशेट म्हात्र्यांचं माइकचं दुकान होतं. आजूबाजूच्या सगळ्या गावांत लग्न असो, हळद असो, आवाज पोपटशेटचा. ते स्वतः एका कर्ण्यावर हात टेकून बसले होते आणि कर्ण्याइतकेच रुंद होते.

"कय गो पोरी, कोनाचा बाजा जालून आनलास?"

"मामाचा," मीना म्हणाली. "दुबईचा आहे."

"दुबईचा आसो नाय तं दिघ्याचा. जलला तो जलला." पोपटशेटनी प्लेअर उघडला, वास घेतला, मान डोलावली. "आतला येक तुकडा गेलाय. बाकी जित्ता हाय. गाडी कंची?"

"मॉरिस मायनर," वैजू म्हणाली. "बावन्नची."

पोपटशेटनी कपाळाला हात लावला. "आगो, त्या गाडीचा अर्थच उलटा हाय!"

"नाही हो काका. अर्थ चांगला आहे. पॉझिटिव्ह आहे. बाबांनी वहीत लिहिलंय."

"आं?"

"या गाडीचा अर्थ पॉझिटिव्ह आहे. हे जो विसरेल त्याचे नुकसान होईल."

 पोपटशेट हसायला लागले. कर्ण्यावर टेकलेले होते म्हणून कर्णाही हसायला लागला.

"आन तुला कय वाटला? कीर्तन हाय? शालन कय शिकवतान तुमाला? वायर जमिनीला जोडतान त्याला कय बोलतान?"

"भूसंपर्कन," तिघी एकदम म्हणाल्या.

"त्याला आमी अर्थ बोलतो! तुझे बापसाने सरल लिवलंय, आन तू त्याचा अर्थ लावीत बसलीस!"

वैजूचे कान लाल झाले. भूसंपर्कनाचे तिला पाचापैकी पाच गुण मिळाले होते. अर्थ मात्र तिला कायम मराठीच्या तासालाच भेटला होता, संदर्भासहित स्पष्टीकरणात.

पोपटशेटनी आतला जळका तुकडा बदलून दिला आणि मग नीट समजावलं. बाकीच्या गाड्यांत बॅटरीची निगेटिव्ह बाजू पत्र्याला जोडलेली असते. या जुन्या इंग्रजी गाड्यांत पॉझिटिव्ह. म्हणून वायरी उलट लावायच्या. "लाल ती बॉडीला, काली ती बत्तीला. आन बाज्याचा डबा गाडीच्या पत्र्याला टेकला नाय पायजे, नाय तं भडका. लाकडान बसव त्याला. लाकूड हाय ना घरान?"

"लाकूड..." वैजू म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांसमोर आईचे पाय आले.

शनिवारी दुपारपर्यंत पायपाट तयार झाला. खालची फळी काढून प्लेअर आत लाकडावर बसवला, दोन बाजूंना दोन स्पीकर. कॅसेट घालायची फट मागच्या अंगाला. आईने जुन्या इरकली लुगड्याची झालर शिवून चारी बाजूंनी लावली. आता तो पाट असा दिसत होता, की त्याला नमस्कार करावा.

"स्पीकरांत हातभर तरी अंतर हवं," मीना म्हणाली. "हा स्टिरिओ नाही, हे जुळं आहे."

"वाजू दे तर आधी."

कॅसेट होती पोपटशेटनी तपासायला दिलेली. "ही वाजली तं समद्या वाजतील," ते म्हणाले होते. वैजूने वायरी जोडल्या, लाल पत्र्याला, काळी दिव्याला. आई मागे बसली, पाय पाटावर. बटण ओढलं.

"हॅलो. हॅलो. माइक टेस्टिंग. वन, टू, थ्री, च्यार," पाट म्हणाला. "शेवंताबाई, जिथं आसशील तिथून मांडवान ये. हलदीचा ताट तुझी वाट बगतं. शेवंताबाई..."

"आई गं!" आईने दोन्ही हात तोंडावर धरले. "माझ्या तळपायातून माणूस बोलतोय!"

चौघी इतक्या हसल्या, की कंपनीची बस कोपऱ्यावर वळल्याचं कुणाच्या लक्षात आलं नाही. आईच्या लक्षात आलं तेव्हा बाबा पन्नास पावलांवर होते. बटण बंद, दारं बंद, तिघी मुली लंगडी खेळायला लागल्या. कॅसेट आतच राहिली आणि वायरीही जोडलेल्याच राहिल्या. पण टेन्शन नव्हतं. दिवे कोण लावणार होतं?

रविवारी सकाळी पोहे खाताना बाबांनी खिशातून एक पाकीट काढलं. 

"सांगितलं नव्हतं तुम्हाला. मुंबईतल्या जुन्या मोटारींच्या एका मंडळाला मी पत्र लिहिलं होतं. सव्वीस जानेवारीला त्यांची मिरवणूक असते. आज अकरा वाजता त्यांचे वेलणकरसाहेब गाडी तपासायला येतायत."

"काय तपासणार?" वैजूने विचारलं.

"मूळ नसलेली एकही वस्तू गाडीत असता कामा नये. एक जरी सापडली तर नाव बाद." बाबांचा चेहरा उजळला. "पण आपल्याला काय चिंता!"

वैजूने पोहे अर्धेच टाकले. तिने पाणी पिऊन खाली धाव घेतली, पण बाबा तिच्या आधी पोचले होते आणि गाडी चारी बाजूंनी एकाच वेळी पुसत होते. दार उघडायला गेली तर, "हात नको, ठसे उमटतील." अकराला दहा कमी असताना शेवटी आई उतरली. एका हातात मटारच्या शेंगांची परात. थेट मागचं दार उघडून ती आत बसली, पाय पाटावर ठेवले आणि लुगड्याची झालर नीट केली.

"अगं, तू कुठे? साहेब येतायत!"

"पाय मुरगळलाय माझा. इथेच बरं वाटतं. त्यांना गाडी बघायचीय ना, बघू दे. मी काही गाडी नाही."

वैजूने डोळ्यांनी खूण केली : वायरी. आईने मान हलवली आणि खाली वाकणार, तोच वेलणकरसाहेब आले.

अरविंद वेलणकर उंच, किडकिडीत होते. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात काडीला बांधलेला छोटा आरसा. दात बघणाऱ्या डॉक्टरसारखे ते गाडीभोवती फिरले. बॉनेट बघितलं, खाली आरसा घातला, काचांवरचे शिक्के वाचले. प्रत्येक वेळी "हं" म्हणाले, आणि प्रत्येक 'हं'ला बाबांची छाती एकेक इंच पुढे आली. मग त्यांनी मागच्या दारातून आत डोकावलं.

"नमस्कार. हा पाट गाडीचा?"

"माझा," आई म्हणाली. "गाडीचं मला काही माहीत नाही."

"बरोबर. प्रवाशाचं सामान आमच्या नियमात येत नाही." ते सरळ झाले. "उत्तम, टिपणीस. फारच उत्तम. आता शेवटचं. मी मागे उभा राहतो, तुम्ही तेवढे दिवे लावा."

"दिवे?" वैजू किंचाळली. "दिवसा?"

बाबांनी बटण ओढलं.

"हॅलो. हॅलो," मॉरिस मायनर म्हणाली. "शेवंताबाई, जिथं आसशील तिथून मांडवान ये..."

बाबांनी असा धसका घेतला, की बटण ढकलायचं सोडून त्यांनी हॉर्न दाबला. मग बटण सापडलं. एकदम शांत झालं. वरच्या गॅलऱ्यांतून डोकी बाहेर आली.

वेलणकर गाडीच्या मागून हळूहळू पुढे आले. "टिपणीस, शेवंताबाई कोण?"

"मला... मला नाही माहीत!"

"हो, कोण हो ही शेवंताबाई?" मागच्या सीटवरून आईने विचारलं. "अकरा वर्षं गाडीत बसतेय मी, मला कधी बोलला नाहीत."

"अगं, देवाशपथ!" बाबांना घाम फुटला. "साहेब, या गाडीत काही नाही हो! एक स्क्रू बदललेला नाही!"

"परत लावा दिवे."

त्याच वेळी आईच्या परातीतून एक शेंग खाली पडली. आई वाकली. जरा वेळ वाकलेलीच राहिली. मग शेंग घेऊन वर आली आणि सोलायला लागली.

बाबांनी डोळे मिटून बटण ओढलं. मागचे लाल दिवे लागले. आवाज नाही. परत ओढलं. दिवे. आवाज नाही.

वेलणकरांनी कोट काढला. पुढचा पाऊण तास त्यांनी आणि बाबांनी मिळून गाडी शोधली. डॅशबोर्डखाली आरसा घातला, पुढच्या सीटखाली टॉर्च मारला, डिकीतलं चाक ठोकून बघितलं, छताच्या कापडाला कान लावला. मागे आई मटार सोलत होती, आणि मुरगळलेल्या पायाच्या बाईला पाय उचला म्हणायची दोघांपैकी कुणाची छाती झाली नाही. वैजू जिन्याच्या पायरीवर बसून बोटं मोडत होती. उद्याचा सोमवार तिला समोर दिसत होता. आता तर बाबांची मिरवणूकसुद्धा तिनेच घालवली होती. सांगून टाकावं का? ती उठलीसुद्धा.

पण वेलणकर आधी बोलले. "टिपणीस, वीस वर्षं मी गाड्या तपासतोय. माझ्यापासून आजवर काही लपलेलं नाही. तेव्हा जे मला सापडत नाही, ते गाडीत नाही." त्यांनी तक्त्यावर लिहिलं : 'मूळ नसलेली वस्तू : आढळली नाही.' खाली एक रकाना होता, 'आवाज'. तिथे पेन थोडा वेळ थांबलं. मग त्यांनी लिहिलं : 'खणखणीत.'

वेलणकर गेले. नाव पक्कं झालं. बाबांनी मात्र आनंद केला नाही. ते गाडीकडे बघत उभे होते. घरच्या माणसाने अचानक परकी भाषा बोलावी, तसे.

"वैजू," ते न वळता म्हणाले. "हे कुणी केलं?"

वैजू पुढे आली. मग मान वर केली. "मी."

"कुठे बसवलायस?"

"तुम्ही म्हणालात ना, प्लग बसवला म्हणून कुणी..."

"सांगू नकोस!" बाबांनी हात वर केला. "गाडी माझी आहे. मी शोधेन. पाच मिनिटांत."

आई उतरली. पाय मुरगळलेला असूनही तिने आपला पाट काखेत मारला, परात वैजूकडे दिली आणि जिना चढून गेली.

पाच मिनिटांत सापडला नाही. एक वाजता मागची सीट रस्त्यावर आली. दोन वाजता पुढच्या दोन्ही. तीन वाजता दारांचे आतले पुठ्ठे निघाले आणि सोसायटीच्या सेक्रेटरींनी वरून विचारलं, "टिपणीस, विकताय की काय?" खालची मंडळी सल्ले देऊ लागली. कुणी म्हणालं पेट्रोलच्या टाकीत असेल, कुणी म्हणालं भूत आहे, शेवंता नावाची बाई या खाडीत बुडाली होती. अकरा वर्षं ज्या गाडीचा एक स्क्रू हलला नव्हता तिचे सगळे स्क्रू चार वाजता वर्तमानपत्रावर ओळीने मांडलेले होते, आणि त्यांतला प्रत्येक मूळचा होता.

साडेपाचला बाबा वर आले. कोपरापर्यंत ग्रीस, कपाळावर ग्रीस. ते सोफ्याकडे वळले.

"तिथे नको!" आई म्हणाली. "डाग पडतील. पाटावर बसा."

बाबा पायपाटावर बसले. गुडघे छातीशी आले. आईने चहाचा कप हातात दिला आणि झालर त्यांच्या पायांत अडकू नये म्हणून बाजूला केली.

"सगळं बघितलं," ते म्हणाले. आवाज अगदी बारीक झाला होता. "वायर नाही. भोक नाही. एक ओरखडा नाही. मला झोप लागणार नाही, वैजू. कुठे आहे तो?"

मोठमोठ्यांदा हसावं असं वैजूला वाटत होतं, पण ती हसली नाही. तिने दप्तरातून तो छापील कागद काढला, पेन काढलं, 'वाणिज्य'वर एक सरळ रेघ मारली आणि वर लिहिलं : 'इलेक्ट्रॉनिक्स, डिप्लोमा'. अक्षर बाबांइतकं मोत्यासारखं नव्हतं, पण शाईचं होतं. तिने कागद बाबांच्या गुडघ्यावर ठेवला, पेन त्यांच्या ग्रीसच्या बोटांत दिलं आणि दोघांसमोर उभी राहिली.

"आई, बाबा, माझं ठरलंय," ती म्हणाली. "मी डिप्लोमाला जाणार. इथे सही केलीत, की स्टिरिओ कुठे आहे ते मी लगेच सांगते. तुम्हाला जागचं उठावंही लागणार नाही."